दोनदा म्हटलेली ओळ

पाळणाघराच्या ताईंनी ठकीचा डबा, पाण्याची बाटली आणि एक ओला मोजा तिच्या आईच्या हातात दिला, पण ठकीला काही सोडलं नाही. ठकी त्यांच्या पायांआड बसून बुटाचा पट्टा उलटा लावत होती, आणि ताई दारात अशा उभ्या होत्या की आत शिरायचं तर त्यांना बाजूला सारूनच शिरावं लागलं असतं.

"तुम्ही आलात," ताई म्हणाल्या.

"म्हणजे काय? रोज मीच येते."

"हो हो, रोज तुम्हीच येता." ताईंनी आवाज खाली आणला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

ठकीच्या आईला घाबरायला एवढं पुरे होतं. तशी ती कशानेही घाबरायची; फोन वाजला तरी आणि बराच वेळ वाजला नाही तरी. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करी. माणसाच्या अंगात काय काय बिघडू शकतं ते दिवसभर तिच्यासमोर आकड्यांत येई, आणि संध्याकाळी त्यातले बरेचसे आकडे ती डोक्यात घेऊनच घरी जाई.

"काय झालं? ताप आलाय? पडली का कुठे?"

"छे हो, तब्येत ठणठणीत आहे. पण बोलते." ताई जरा घुटमळल्या. "आता कसं सांगू. ती म्हणते, माझी आई उठून गेली. अंथरुणातून उठून गेली. एकदा नाही, दर वेळी दोनदा म्हणते. मग गप्प. पुढे काय झालं बाळा, असं विचारलं की नुसती मान हलवत राहते. अशी." ताईंनी मान हळूहळू पुढे-मागे हलवून दाखवली. "ते बघवत नाही हो. आमची स्वयंपाकवाली परवा रडली."

ठकीच्या आईला हसू आलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. "अहो, गाणं आहे ते. तिच्या बाबाचं. तो बँडमध्ये गिटार वाजवतो ना, नवीन गाणं बसवतोय."

"बाबाही सकाळी हेच म्हणाले," ताई म्हणाल्या. दोघांनी घरून ठरवून आल्यासारखं एकच सांगावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "असेलही गाणं. मी कुठे नाही म्हणते? पण त्यात 'आई' आहे का हो?"

गाण्यात आई नव्हती. राणी होती. 'उठून गेली, माझी राणी अंथरुणातून उठून गेली.' गेले कित्येक दिवस भिंतीपलीकडून ती हीच ओळ ऐकत होती, तीही दोनदाच, आणि मग पुढे नुसती गिटार.

रस्त्याने ठकी फरशीच्या रेघा चुकवत उड्या मारत होती. आईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ठके, बाबाच्या गाण्यातली राणी कोण गं?"

"आई."

"कुणी सांगितलं?"

"बाबानी. मी विचारलं राणी कोण, तर बाबा म्हणाला आई." आणि पुढच्या रेघेवरून उडी मारून तिने ओळ पुन्हा म्हटली. दोनदा. मग मान.

ठकीचा बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उभ्या बोगद्यात लोंबकळून घरी आला की कपडे धुवायच्या पावडरने हात धुवायचा, तरी नखांतलं ग्रीस जायचं नाही. त्याच हातांनी गिटार घेऊन तो बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून स्टुलावर बसायचा. त्या संध्याकाळी तो बसतो न बसतो तोच तिने गॅस बारीक केला आणि ती बाहेर आली.

"राणी कोण?"

"कुठली राणी?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. पाळणाघरात सगळ्यांना वाटतंय मी घर सोडून गेलेय. तिथली स्वयंपाकवाली माझ्या नावाने रडली."

तो हसला. "ती टीव्हीवरच्या जाहिरातींनाही रडते. अगं, ब्लूज आहे ते, त्या अमेरिकन दुःखाच्या गाण्यांसारखं. ब्लूजमध्ये कुणीतरी गेलेलं असावंच लागतं. सगळे घरी आहेत, जेवून झोपलेत, असं असेल तर माणूस गाणार काय? 'उद्या कचऱ्याची गाडी लवकर येणार आहे'?"

"मग ठकीला राणी म्हणजे आई असं का सांगितलंस?"

तो सुरात असलेलीच तार पुन्हा सुरात लावायला लागला. "ती विचारतच बसली, राणी कोण, राणी कोण. दुसऱ्या कुठल्या बाईचं नाव सांगितलं असतं तर चाललं असतं तुला?"

उत्तर बिनतोड होतं, आणि म्हणूनच तिला ते आवडलं नाही. "पुढे काय आहे? दोन ओळी झाल्या. तिसरी?"

"दोन कुठे, एकच आहे. एकच दोनदा म्हणायची." सुटका झाल्यासारखा तो उत्साहाने सांगायला लागला. लग्नाआधी असंच काही सांगताना तो तिला आवडला होता. "हे बघ, चार-चार ठोक्यांची बारा घरं असतात. चार घरं पहिल्या ओळीला. शब्द दोन घरांतच संपतात, मागची दोन रिकामी. तिथे गाणारा गप्प, आणि वाजवणारा उत्तर देतो. मग पुढच्या चार घरांत तीच ओळ पुन्हा, पण खालचा सूर बदललेला. शब्द तेच, फरशी वेगळी. पुन्हा दोन घरं रिकामी. ठकी मान हलवते ना, ती उगाच नाही हलवत. रिकामी घरं मोजते. पक्की आहे ती तालाला."

"आणि शेवटच्या चार घरांत?"

"तिथे तिसरी ओळ. पहिल्या दोन ओळी कशासाठी होत्या ते तिथे कळतं."

"म्हणून तर विचारतेय. काय आहे ती?"

"नाही सुचली अजून," तो म्हणाला, आणि गिटार पेटीत ठेवायला उठला. जेवणाआधी तो कधी गिटार पेटीत ठेवत नसे.

त्याच्या मनात काय आहे हे तिला नीट कळत नव्हतं, आणि कळलं नाही की ती सगळ्यात वाईट ते धरून चाले. जित्याची खोड. पण या वेळी धरून चालायला थोडं कारणही होतं. ठकी वर्षाचीही नव्हती तेव्हा एकदा ताप डोक्यात चढून तिला आकडी आली होती. डोळे पांढरे, ओठ निळे, आणि आईच्या हातात ते एवढंसं अंग लाकडासारखं ताठ. डॉक्टरांनी समजावलं, लहान मुलांत होतं असं, घाबरायचं कारण नाही, मोठी झाली की आपोआप थांबतं. पुन्हा कधी आली नाही. पण तेव्हापासून ती रात्री उठून ठकीचा श्वास बघायला जाई. आधी बघून परत यायची. मग तिथेच भिंतीला टेकून बसायची. हल्ली तिची उशीही तिकडेच होती. नवऱ्याने यावर कधी काही म्हटलं नव्हतं. म्हटलं नाही म्हणजे चालतंय, असं तिने धरलं होतं. सगळं वाईट धरणाऱ्या बाईने नेमकं हेच चांगलं धरलं होतं.

आता त्याने म्हटलं होतं. आणि दोनदा म्हटलं होतं. लॅबमध्ये एखादा आकडा विचित्र आला की तोच नमुना मशीनला पुन्हा लावतात. पहिल्यांदा चूक असू शकते. दुसऱ्यांदा तोच आकडा आला की विषय संपला, खाली सही. माझी राणी उठून गेली. रिपीट केलं, तेच आलं. त्याच्या लेखी ती गेलेली होती. आणि पुढच्या आठवड्यात बँडच्या कार्यक्रमात, क्लबच्या हॉलमध्ये माइक लावून तो हे सगळ्या ओळखीच्या लोकांना सांगणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर एका आजोबांच्या रक्ताचा नमुना आला. पोटॅशियम इतकं वर, की माणूस आयसीयूत असायला हवा. तिने पुन्हा लावलं. तोच आकडा. ती रिपोर्ट पुढे पाठवणार, इतक्यात मागून लॅबच्या मॅडम आल्या. कान मशीनकडे आणि डोळे सगळ्यांच्या टेबलांवर, अशी त्या बाईंची ख्याती होती.

"नळी बघितलीस का?"

"दोनदा लावलंय मॅडम. सेम आलंय."

"मी आकड्याचं नाही विचारत. नळी बघ." मॅडमनी नळी उजेडात धरली. वरचा पिवळा भाग असायला हवा होता त्याहून लालसर होता. "रक्त काढतानाच पेशी फुटल्यात. आतलं पोटॅशियम बाहेर आलंय. हा नमुना तू शंभर वेळा लाव, शंभर वेळा हाच आकडा येईल. मशीन खोटं बोलत नाही, पण नमुना बिघडलेला असला तर ते बिचारं काय करणार? आजोबांना बोलाव. नव्याने काढ."

हे तिला येत नव्हतं असं नाही. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. पण त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आजोबा आले. त्यांना पुन्हा सुई टोचून घ्यायची नव्हती, म्हणून त्यांनी तिला आपल्या सगळ्या नातवंडांची माहिती सांगितली. नवा आकडा अगदी सरळ आला. तिने सही केली आणि टेबलापाशी जरा वेळ नुसती उभी राहिली. पोरीच्या तोंडून आलेली ओळ आणि भिंतीपलीकडून आलेली ओळ, एवढ्यावर आपण निकाल लावून बसलो, हे तिला कळत होतं. समोर जाऊन ऐकायला हवं.

रविवारी सकाळी बँडचा सराव असे. चौघांपैकी सगळ्यात वडीलधारे ते बेकरीवाले काका. ते माउथ ऑर्गन वाजवायचे. भट्ट्या थंड झाल्या की बेकरीमागची खोली त्यांची. नवरा गेल्यावर थोड्या वेळाने तिने ठकीला बूट घातले.

"कुठे?" ठकीने विचारलं.

"पाव आणायला."

"घरात पाव आहे."

"अजून आणू," आई म्हणाली.

बेकरीच्या मागच्या अंगणात रिकामे ट्रे भिंतीला टेकवून उभे केले होते आणि पिठाच्या गोण्या ताडपत्रीखाली होत्या. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ठकीला उष्ण, गोड वास आला तशी ती ट्रेला चिकटलेले चुरे वेचायला लागली. आई दाराबाहेरच थांबली. चोरून ऐकणं चांगलं नाही हे तिला माहीत होतं. पण मनाची लाज तिने बाजूला ठेवली, आणि जनाची वाटायला तिथे कुणी नव्हतं.

ड्रमवाल्याने काठ्या आपटल्या आणि गाणं सुरू झालं. नवऱ्याचा आवाज घरच्यापेक्षा मोठा होता. तो सुरेल नव्हता, पण खरा वाटत होता.

'उठून गेली, माझी राणी अंथरुणातून उठून गेली.'

दोन घरं रिकामी. त्यांत काकांचा माउथ ऑर्गन, कुणीतरी दाराशी येऊन परत फिरावं तसा.

'उठून गेली, माझी राणी अंथरुणातून उठून गेली.'

शब्द तेच होते. पण खालून गिटारीचा सूर सरकला, आणि पहिल्यांदा जी नुसती बातमी होती ती दुसऱ्यांदा विचारात पडल्यासारखी झाली. तिला हे भिंतीतून कधी ऐकू आलं नव्हतं. भिंतीतून फक्त शब्द येत होते. मग गिटार पुन्हा चढली, आणि तो थांबला नाही.

'चपला तर दारातच आहेत, मग ती कुठल्या वाटेनं गेली?'

"वा!" काका आतून ओरडले, तोंडातला माउथ ऑर्गन काढून. "या चपला आल्या की अंगावर काटा येतो बघ." आणि तेवढ्यात त्यांना दारात ती दिसली. "अरे, वहिनी! या या. बाहेर काय उभ्या? ऐकलीत ना चपलांची ओळ? महिना झाला, मी याला सांगतोय, बाबा रे, आख्खं गाणं त्या चपलांवर उभं आहे, चाल बदल पण तिला हात लावू नकोस. बरं झालं तुम्हालाही आवडली."

"मला?"

"हो, हाच म्हणाला. घरी ऐकवली, तिला फार आवडली म्हणाला." काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग माउथ ऑर्गन शर्टाला पुसला. "मी जरा भट्टी बघून येतो."

"भट्टी बंद आहे काका," ड्रमवाला म्हणाला.

"बंद आहे ती बघतो. तूही चल. आणि तूही," ते चौथ्याला म्हणाले. जाताना त्यांनी अंगणातून ठकीला उचललं. "चल गं उंदरे, तुला खरा पाव देतो."

खोलीत दोघंच राहिली. त्याने गिटार खाली ठेवली नाही. ती हातात असली की त्याला कुठे बघायचं ते कळत असावं.

"महिना झाला," ती म्हणाली.

"अगं..."

"सुचली नाही म्हणालास."

"तुझ्यासमोर म्हणायला धीर होईना. म्हणून घरी तिथे नुसतं वाजवायचो."

"आणि सगळ्या गावासमोर माइकवर होईल?"

"गावाला वाटेल गाणं आहे."

हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की तिला रागावायला वेळ लागला. मग ती रागावली. "मी कुठे गेले? मी भिंतीच्या पलीकडे असते. तुझ्याच पोरीपाशी."

"म्हणून तर चपला दारात आहेत." त्याने गिटारीच्या कडेवरून बोट फिरवलं. "ही तक्रार कुणाकडे करायची, सांग. माझी बायको पोरीची काळजी घ्यायला उठते, तिला सांगा, असं म्हटलं तर लोक जोड्याने मारतील मला. मीच मला मारेन. गाण्यात चालतं. गाण्यात कुणी विचारत नाही."

"मी विचारतेय. तो जो गाणारा आहे, त्याला माहीत आहे का ती का उठते?"

"आकडी आली तेव्हापासून."

"तेव्हापासून नाही. दवाखान्यातून आलो त्या रात्रीपासून. तू म्हणालास, डॉक्टरांनी सांगितलं ना काही नाही म्हणून, झोप आता. आणि तू झोपलास. खरंच झोपलास. घोरत होतास. मी म्हटलं, दोघांपैकी एकाने जागं राहायला हवं, आणि एक तर झोपलाय." तिचा आवाज चढला नव्हता. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं ती बोलत होती. "नंतर कितीदा उठले. राणीला कधी कुणी हाक मारली का, परत ये म्हणून?"

त्याची बोटं गिटारीच्या लाकडावर हलली. टक, टक, टक, टक. त्याच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं मोजणं आलं. "हे... अगं, हे दुसऱ्या कडव्यात शेवटी अगदी..."

"बसवू नकोस कुठे. मी तुला विचारतेय."

बोटं थांबली. त्या मोकळ्या जागेत उत्तर द्यायला या वेळी वाजवणारा कुणी नव्हता.

"नाही मारली," तो म्हणाला.

"का?"

"ठकी उठेल म्हणून." मग त्याला ते स्वतःलाच पटेना. "आणि मला वाटलं, तुला तिकडेच बरं वाटतंय."

"बरं? त्या गादीवर माझे पाय मावत नाहीत. गुडघे पोटाशी घेऊन झोपते मी, कोळंबीसारखी. सकाळी लॅबमध्ये उभी राहते तेव्हा कंबर माझी असते की दुसऱ्या कुणाची तेच कळत नाही."

त्याला हसू फुटलं, त्याने ते आवरलं, आणि तिने ते पाहिलं. तिलाही जरासं आलं. पण तिला जे हवं होतं ते अजून मिळालं नव्हतं, आणि ते मागितल्याशिवाय मिळणार नाही हे तिला एवढ्यात कळलं होतं.

"मला झोप हवीय," ती म्हणाली. "पण कुणी बघितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. हे वेडेपणाचं आहे, माहीत आहे मला. मी दिवसभर तेच बघते ना. तू उठशील? माझ्याऐवजी?"

"उठेन."

"दारातून बघून यायचं नाही. अंधारात काही दिसत नाही, उगाच श्वास चालू आहे म्हणून समजायचं. जवळ जाऊन हात ठेवून बघायचं."

"कुठे, कपाळावर?"

"कपाळावर ताप कळतो. श्वास नाही कळत."

त्याने गिटार खुर्चीला टेकवून ठेवली आणि समोर उभा राहिला. "दाखव कसा ठेवायचा. मला खरंच येत नाही."

तिने पर्स काखेत नीट केली आणि त्याच्या शर्टावर, बटणांच्या जरा बाजूला, तळवा ठेवला. किती दिवसांनी ठेवला, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते बाजूला सारलं. "असा. दाबायचा नाही. नुसता टेकवायचा. झोपेत मुलं मध्येच श्वास लांबवतात, तेव्हा घाबरायचं नाही आणि तिला हलवायचंही नाही. हात वर येईपर्यंत थांबायचं."

तो श्वास रोखून उभा होता.

"घे ना," ती म्हणाली. "नाहीतर मला कसं कळणार?"

त्याने श्वास घेतला. तळवा उचलला गेला.

"आला वर. आता हात काढायचा, आणि परत यायचं," ती म्हणाली. "आणि मला उठवून सांगायचं."

"उठवून? झोप हवीय म्हणालीस ना?"

"उठवून. पहिले काही दिवस तरी."

अंगणातून ठकीचा आवाज आला. तिला आणखी एक पाव हवा होता आणि काका नाही म्हणत होते. मग ड्रमवाल्याचं डोकं दारातून आत आलं.

"भट्टी बघून झाली," तो म्हणाला. "काका विचारतायत, अजून काय काय बघू?"